मैदानाची हरकत

गुरुवार, संध्याकाळ

घरी आल्या आल्या लिहायले बसली.

गावाच्या वीस वर्षांच्या विकास आराखड्यावर आज सुनावणी होती. आरमोरी रोडवरचं मैदान नकाशात पांढरं, रिकामं, अन् त्यावर लिहिलेलं: वाहनतळ. रिकामं काऊन? धान कापला की तिथीच तर आपल्या नाटकांचा मंडप लागते. सारं गाव, पाव्हणेरावळे, थंडीत चादरी पांघरून रात्रभर बसते.

बाकीच्यांनी अर्ज दिले. मी हरकत नाटक म्हणूनच लिहिली. प्रवेश एक, पात्रं दोन. मैदान झाला माझा बाबा, जो तिथी दरसाल खलनायक करते. वाहनतळ झाली मी. सुरू करायच्या आधी बाबानं रंगमंचाले करावा तसा सुनावणी घेणाऱ्या सायबाच्या टेबलालेच हात लावून नमस्कार केला! सायब दचकले.

"ही हरकत आहे की नाटक?"

मागून शेजारची शांताबाई ओरडली, "आमच्या इथी दोन्ही एकच असते सायेब! बसा चुपचाप, पाहा."

सारे हसले. मंग मधातच बाबा संवाद विसरला, तं बायाच मागून सांगू लागल्या. तालीम आमच्या अंगणात, त्यांच्यासमोरच झाली होती ना! मी लिहिलेलं वाक्य, अन् त्यांच्या तोंडी. पुस्तक छापून येण्यापेक्षा हे मोठं नाई का? मले तं वाटते, मोठंच.

निकाल नाई लागला. पण सायबानं त्या पांढऱ्या जागेभोवती लाल गोल केला अन् म्हनले, "पाहणीला नाटकाच्याच दिवशी येतो."

बाबा म्हनला, "या ना सायेब, पहिल्या रांगेत बसवतो. गाडी मातर दूर लावजा."