यंत्राच्या ओळखीला दोन साक्षीदार

चि. नाझिम यास देगाशहून लखदर मामाचा सलाम आणि भरघोस आशीर्वाद. तुझी आणि तुझ्या आईची (म्हणजे माझ्या बहिणीची) प्रकृती बरी असेल अशी आशा करतो. आशाच करायची, कारण फोनवर तुम्ही दोघं नेहमी 'छान' म्हणता आणि नेहमीच छान असणाऱ्या माणसांबद्दल मला शंका येते. माझे गुडघे तसेच. तुझी मामी ठणठणीत आहे, आवाजावरून तरी.

आता मुद्द्याचं. आपल्या खजुराच्या बागांच्या पाण्याच्या पाळ्यांची वही तू मागच्या महिन्यात ट्यूनिसच्या कुठल्याशा सर्व्हरवर नेऊन ठेवलीस. एकतीस वर्षं ती माझ्या उशीखाली होती, कधी हरवली नाही. (एकदा शेळीनं दोन पानं खाल्ली, पण शेळी घरचीच होती.) येत्या रविवारी पाणी-मंडळाच्या बैठकीत मला ती सगळ्यांसमोर उघडून दाखवायची आहे. नाही उघडली, तर पाळ्या लावायचं काम शेजारच्या हम्मादीच्या जावयाकडे जाणार. तो जावई आत्तापासूनच माझ्याशी फार नम्रपणे बोलतो.

तू म्हणालास, वहीपर्यंत पोचायला टर्मिनलचा प्रोग्रॅम लागतो, कुठलाही घे. कुठलाही! खजुराचं रोप तरी कोणी कुठलंही लावतं का? मी तीन उतरवून घेतले. पहिला फुकट होता. का फुकट, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं, म्हणून काढून टाकला. दुसरा म्हणाला, तीस दिवस वापरा, मग बघू. तीस दिवस तो माझ्या घरात बसून काय बघणार? तोही गेला. तिसरा काळाकुट्ट, आणि कोपऱ्यात एक पांढरा ठोकळा उघडझाप करतो, पडद्याआडून कोणी डोळा मिचकावावा तसा. तोच ठेवला, निदान गोड बोलत नव्हता. अक्षरं मोठी केली, काळा रंग घालवून कागदासारखा पांढरा केला (हिरवा करून पाहिला होता, मामी म्हणाली, दर्ग्याचं दार वाटतंय), आणि दर मिनिटाला सर्व्हरला हाक मारत राहायची जी सोय तू सांगितलीस तीही लावली, नाहीतर मी चहा पिऊन येईपर्यंत तो दार लावून घेतो.

मग पत्ता घातला, तर प्रोग्रॅम मलाच विचारतो: हे यंत्र (म्हणजे तुझा तो ट्यूनिसचा सर्व्हर) माझ्या ओळखीचं नाही, त्याचा ठसा असा असा (आणि पुढे चाळीसेक अक्षरांची ओळ), विश्वास ठेवायचा का? हो की नाही?

नाझिम, आपल्याकडे पाण्याची पाळी एका हातातून दुसऱ्या हातात जाते तेव्हा पाटाच्या दोन्ही काठांवर एकेक माणूस उभा राहून सांगतो, 'हा अमक्याचा मुलगा, मी ओळखतो.' सख्ख्या भावालाही साक्षीशिवाय पाळी मिळत नाही. आणि मी, पाळ्यांचा रखवालदार, न पाहिलेल्या यंत्राला 'हो' म्हणू? मी 'नाही' लिहिलं. अकरा वेळा. तुला फोन केला तर तू म्हणालास, "मामा, नुसतं हो म्हण की! सगळे म्हणतात." सगळे म्हणतात तिथेच तर पाणी मुरतं. शेवटी हम्मादीला साक्षीला बोलावलं. त्यानं चष्मा लावून ती ओळ दोनदा वाचली आणि म्हणाला, "लखदर, मी माझ्या जावयाची साक्ष देत नाही, तुझ्या या डब्याची देऊ?" त्यावर मामी आतून ओरडली, "अहो, लग्नात मला न बघता हो म्हणालात, तेव्हा कुठे होते साक्षीदार?" (होते. दोन होते. दोघेही अजून माझी नजर चुकवतात.)

तू म्हणशील, ठसा फोनवर वाचून दाखवतो. पण तो आवाज तुझाच हे कोणी सांगावं? हल्ली तू इतकं थोडं बोलतोस की आवाज ओळखायलाही पुरत नाही. म्हणून हे पत्र ट्यूनिसला जाणाऱ्या टॅक्सीवाल्याच्या हाती पाठवतोय. ठसा स्वतःच्या हातानं कागदावर लिही, खाली आईची सही घे (ती खोटं बोलत नाही, लहानपणी माझ्या सगळ्या चुगल्या तिनंच केल्या) आणि त्याच टॅक्सीवाल्याबरोबर परत पाठव.

तुझा सावध मामा,
लखदर

ता. क. मी हे लिहीत असताना मामी लॅपटॉपपाशी बसली, 'हो' लिहिलं, पासवर्ड टाकला (टाकताना एकही अक्षर दिसत नाही, तरी ती थांबली नाही, अशा बाईबरोबर मी चाळीस वर्षं काढली) आणि वही उघडली. सगळ्या पाळ्या जागच्या जागी. शेळीनं खाल्लेली दोन पानंसुद्धा! माझा संशय दुप्पट झाला आहे.

आणखी एक ता. क. मामी शेळी बांधायला गेली तेवढ्यात ओळखीच्या यंत्रांच्या यादीतून ती ओळ मी पुसून टाकली. आता तो पुन्हा विचारतो. लॅपटॉप कपाटात आहे, किल्ली माझ्या खिशात. तेव्हा कागदानं भागणार नाही, शनिवारपर्यंत तू स्वतः ये. आईलाही आण, साक्षीदार दोन लागतात. दोन हंगाम झाले तू आला नाहीस, तुझ्या नावच्या खजुराच्या झाडाचे घड मी अजून उतरवू दिलेले नाहीत. वही हम्मादीच्या जावयाकडे गेली तरी चालेल, पण तुम्ही दोघं इथे उभं राहून ओळख देईपर्यंत मी 'नाही'च लिहिणार.