सर्टिफिकेटचे पैसे वसूल होणारच

११ फेब्रुवारी, मंगळवार
टॅक्स रिफंड खात्यात आला. गल्लीतले लोक आता मोठमोठे टीव्ही आणतील. आणू देत. मी गुंतवणूक करणार. कम्युनिटी कॉलेजचा क्रिमिनल जस्टिसचा सर्टिफिकेट कोर्स, चार हजार सहाशे डॉलर. याला खर्च म्हणणंच चूक. आधी सर्टिफिकेट, मग डेप्युटी म्हणजे शेरीफच्या हाताखालचा पोलीस, तीन वर्षांत सार्जंट, पाचव्या वर्षी डिटेक्टिव्ह. शेरीफची निवडणूक लढवायची का, ते पन्नाशीला बघू. आज त्रेचाळीस वर्षांचा आहे आणि टायरच्या दुकानात काउंटरवर उभा आहे. मालक गस माझ्याशी टायर सोडून दुसऱ्या विषयावर बोलत नाही.
ट्वायलाला या पैशातून तिच्या गाडीचा गिअरबॉक्स बदलायचाय. बायकोला जवळचंच दिसतं. गाडी चढावर कण्हते, पण चढते ना?
उद्यापासून रोज दोन मैल पळणे. डेप्युटीला पळण्याची परीक्षा असते.

१२ फेब्रुवारी
रस्त्यावर बर्फ. पळणं रद्द.

१६ फेब्रुवारी, रविवार
सासऱ्याकडे बीन्स आणि मक्याचा ब्रेड. ऑर्विल तीस वर्षं काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या जेलमध्ये गार्ड होता, त्यामुळे कायदा आपल्यालाच कळतो असा त्याचा समज. म्हणाला, "जेलला माणसं मिळेनात, जावईबापू! बारावी पास असलं की घेतात. ट्रेनिंग तेच देतात, वर ट्रेनिंगचा पगारही देतात. आणि तुम्ही पदरचे पैसे भरून शिकायला निघालात? चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला!"
जेल! मी वरून सुरुवात करणार आहे, खालून नाही, असं त्याला शांतपणे समजावलं. तो खात राहिला. जुन्या पिढीला शिक्षणाची कदर नाही.

१८ फेब्रुवारी
पुस्तकांसकट फी भरून टाकली. मग ट्वायलाला सांगितलं. ती म्हणाली, "भरलीससुद्धा? व्हर्न, पैसे दोघांचे होते रे."
कॉलेजचा तक्ता दाखवला, या क्षेत्रातल्या सरासरी पगाराचा. तिने नेमकी खालची बारीक अक्षरं वाचली. सरासरीत वकील आणि न्यायाधीशही धरलेत म्हणे. मी म्हटलं, बघ, हे क्षेत्र कुठपर्यंत जातं! ती भांडी घासायला उठली. पुढे काही बोलली नाही, म्हणजे पटलेलं दिसतंय.

१० मार्च, सोमवार
पहिला वर्ग. सगळी पोरं एकोणीस-वीसची. मी आत शिरलो तर गप्प बसली, त्यांना वाटलं मीच शिकवणार. छाप पडली.
खऱ्या शिक्षिका मिस प्रुइट. पोलिसातून निवृत्त. इथे का आलात, असं प्रत्येकाला विचारलं. मी म्हटलं, गुंतवणूक. तर विचारतात, "पैसे भरण्याआधी शेरीफच्या ऑफिसात एक फोन केला होतात का?" मी म्हटलं, आधी सर्टिफिकेट, मग फोन तेच करतील. बाईंनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. नजरेत भरलो असणार.

२ एप्रिल
ट्वायलाची गाडी पुलाजवळच्या चढावर बंद पडली ती पडलीच. गिअरबॉक्स गेला. ही डोंगरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या घरी जाते, त्यांची आंघोळ, औषधं, जेवण बघते. गाडी नाही तर काम नाही. मी धीर दिला की दोन वर्षांनी नवी कोरी पिकअप घेऊन देईन.
"दोन वर्षांनी काय करू? उद्या सकाळी मिसेस कॉम्ब्सना आंघोळ घालायची आहे. त्यांना दुसरं कोण आहे?"
माझी पिकअप दिली असती, पण मला ती कॉलेजला लागते. गुंतवणूक अर्ध्यावर सोडली तर बुडते, हे हिला कोण सांगणार?

२१ एप्रिल
पुराव्यांच्या पेपरात एकसष्ट. प्रश्न सगळे पुस्तकी. मला आयुष्यातलं जास्त येतं.
गुडघा दुखतोय. न पळताच दुखतोय, म्हणजे पळालो असतो तर काय झालं असतं!

९ मे, शुक्रवार
ट्वायलाला काम देणाऱ्या एजन्सीने तिच्याकडून लांबची घरं काढून घेतली. मिसेस कॉम्ब्सकडे आता दुसरी बाई जाते. ती म्हातारी रोज हिचं नाव घेऊन हाक मारते म्हणे. ट्वायला जेवली नाही. मला वाईट वाटलं, खरंच वाटलं.
शेजारची नदीन जेलच्या स्वयंपाकघरात आहे. तिने हिच्या डोक्यात भरवलं, "अगं, गार्डची भरती चालू आहे, माझ्याच गाडीतून ये की!" ट्वायलाने मला विचारलं, अर्ज करू का. मी प्रेमाने नको म्हटलं. हातात सर्टिफिकेट नाही, उगाच हिरमोड होईल बिचारीचा.

३ जून
घेतलं तिला.
मुलाखतीत विचारलं, समोरचा शिव्या द्यायला लागला तर काय करशील? ही म्हणाली, "चौदा वर्षं म्हाताऱ्यांना आंघोळ घालतेय. शिव्यांचं काय घेऊन बसलात?" तिथेच नक्की झालं. ट्रेनिंग काउंटीच्या खर्चाने, पगार पहिल्या दिवसापासून, आणि तो माझ्यापेक्षा जास्त.
ऑर्विलने त्याची ड्युटीवरची जुनी टॉर्च हिला दिली. देताना रडला. ती टॉर्च मी दहा वर्षं मागतोय, मला म्हणायचा हरवली. वर मलाच विचारतो, "जावईबापू, तुमचं कॉलेज कुठवर आलं?"
ट्वायलाला समजावलं की आत्ता ठीक आहे, पण सर्टिफिकेटवाचून पुढे अडकशील. ती बुटांना पॉलिश करत होती.

१ ऑगस्ट
ट्वायलाने स्वतःच्या पगारातून गिअरबॉक्स बदलला. गाडी आता अजिबात आवाज करत नाही. रस्त्यावर नुसती ऐट.

२६ ऑगस्ट, मंगळवार
शेवटी शेरीफच्या ऑफिसात फोन केला. स्वतःहून फोन करणं मला आवडत नाही, पण ते लोक कामात असतील. फोन उचलणाऱ्या बाईंना विचारलं, सर्टिफिकेटचा पगारात फरक किती? म्हणाल्या, तासाला पंचवीस सेंट. मी म्हटलं, नीट बघा. त्यांनी नीट बघितलं. पंचवीस सेंटच.
हिशेब केला. फी वसूल व्हायला नऊ वर्षं. म्हणजे बावन्नाव्या वर्षापासून निव्वळ नफाच नफा! यात वाईट काय आहे?
ट्वायलाला सांगितलं नाही. तिला आकडे आवडत नाहीत.

४ ऑक्टोबर, शनिवार
डेप्युटीची पळण्याची परीक्षा. दीड मैल. पहिल्या फेरीत मी पुढे होतो, असं मला तरी वाटलं. नंतर कळलं की बाकीचे एक फेरी जास्त मारून माझ्या मागून येत होते. दुसऱ्या फेरीत खाली बसलो. वारा समोरून होता. गोल मैदानावर तो सगळीकडून समोरूनच होता.
परीक्षकाने पाणी दिलं आणि म्हणाला, "काका, घरी कोणी न्यायला येईल का?"
न्यायला ट्वायला आली. युनिफॉर्ममध्ये. सगळे तिच्याशी हसून बोलले.

१२ डिसेंबर, शुक्रवार
सर्टिफिकेट मिळालं! जाड कागद, सोनेरी शिक्का. दुकानात काउंटरमागे लावलं. गस म्हणाला, "अरे, तिथे टायरचे भाव लावायचेत." काढलं.
विचारांती जेलसाठी अर्ज केला. कमीपणा नाही. खालून वर गेलेला माणूस पक्का होतो.

१८ डिसेंबर
जेलमधून फोन. शेरीफच्या ऑफिसातल्या त्याच पंचवीस सेंटवाल्या बाई. नवरा-बायको दोघांना एकाच खात्यात घेता येत नाही, काउंटीचा नियम आहे. माझा अर्ज बाद.
मी म्हटलं, पण माझ्याकडे सर्टिफिकेट आहे. त्या म्हणाल्या, "हो, पण आमच्याकडे ट्वायला आहे." फेब्रुवारीत आला असतात तर लगेच घेतलं असतं, सर्टिफिकेट नसतं तरी चाललं असतं, असंही म्हणाल्या. कोणी विचारलं होतं?
ट्वायला घरी आल्यावर तिला सांगितलं. ओरडेल असं वाटलं. शेजारी बसली आणि म्हणाली, "व्हर्न, तुझ्यासाठी मी नोकरी सोडावी असं मनात असेल तर सरळ बोल." तिने बूटसुद्धा काढले नव्हते. मनात होतं. नको म्हटलं. या वर्षातलं हे एकच वाक्य विचार करून बोललो असेन. आणि त्यामुळे काहीसुद्धा बरं वाटलं नाही.

८ जानेवारी, गुरुवार
काउंटी ट्वायलाला कॉलेजात पाठवतेय. तोच सर्टिफिकेट कोर्स, त्याच मिस प्रुइट. फी सगळी काउंटी भरणार, पुस्तकांचं तेवढं आपलं आपण बघायचं. पंचवीस सेंट तिला मिळणार.
मी ताबडतोब माझी पुस्तकं आणून दिली. मोठ्या मनाने. म्हटलं, जपून वापर, मी त्यातूनच शिकलोय, अडलं तर विचार.
ट्वायलाने पुराव्यांचं पुस्तक हातात घेतलं. उलटसुलट करून पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं.
"व्हर्न, याचं प्लास्टिकपण काढलेलं नाहीस तू."
मला वाटतं मी काहीतरी म्हणालो. ती ऐकायला थांबली नाही. नखाने प्लास्टिक फाडलं, पहिल्या पानावर स्वतःचं नाव लिहिलं आणि वाचायला बसली.