चौकट नसलेली जाहिरात

११ फेब्रुवारी

पिवळी चौकट. लाल अक्षरं. 'पुन्हा संसार थाटायचाय? पन्नाशीपुढील स्थळे. आजच नाव नोंदवा.' आणि हे कुठे? लाडकंवरबाईंच्या निधनवार्तेच्या बरोबर खाली!

त्यांचा मुलगा पारस दुकान उघडायच्या आधी घरी आला. चहा घेतला नाही. फोन माझ्यापुढे धरला. कालपासून बाजारातले लोक त्याच्या वडिलांना – जवरीलालशेठना, वय शहात्तर – विचारताहेत, शेठ, इतकी घाई? उठावणा, म्हणजे शोकबैठक, उद्या.

"सर, वेबसाइट तुमची ना? मग ही जागा कोणाची?"

बघतो, एवढंच म्हणालो. सव्वीस वर्षं कॉलेजात मराठी शिकवलं.

भाग्येशला फोन केला. पुतण्या, पुण्यात असतो. साइट त्यानेच बांधून दिली. तालुक्यात कोण गेलं, अंत्ययात्रा किती वाजता, कुठून – एवढंच तिच्यावर असतं, आणि लोक सकाळी वर्तमानपत्राआधी तेच बघतात. जाहिरातीही त्यानेच बसवल्या, सर्व्हरचं भाडं सुटावं म्हणून. तो म्हणाला, कोणती जाहिरात कोणाला दिसेल ते कंपनी ठरवते. आपल्या हातात काय? रंग, अक्षर, चौकट, मागची पाटी.

म्हणजे घर माझं. आत कोण राहायला येणार हे मला माहीत नाही. दाराला रंग मात्र मी द्यायचा.

१२ फेब्रुवारी

उठावण्याला गेलो. मागे बसलो. निघताना जवरीलालशेठनी माझा हात धरला. हळूच म्हणाले, सर, चांगलं स्थळ आलं तर कळवा. हसले. मग रडले. हात सोडला नाही.

१४ फेब्रुवारी

दिवसभर तेच. भाग्येशने पासवर्ड दिला.

शीर्षकाचा रंग निळा होता, काळा केला. खालची रेघ काढली. चौकट – जाडी शून्य. मागचा पिवळा घालवला, पांढरा. अक्षर वार्तेचंच, आकारही तोच. आता जाहिरात ओरडत नाही. चार ओळी गुमान बसतात.

एकच उरलं. वर बारीक 'जाहिरात' हा शब्द. तो काढता येत नाही, नियम आहे. रंग बदलता येतो का, विचारलं. भाग्येश म्हणाला, "काका, तसं करू नये."

म्हणजे करता येतं. इतका फिका केला की पांढऱ्याच्या एक पायरी अलीकडे.

पान शांत झालं. बरं वाटलं. वार्तांतून मी 'दुःखद' काढलं, 'मनमिळाऊ' काढलं, 'पोकळी' काढली. लोक अजून कुरकुरतात – सर, निदान 'दुःखद' तरी टाका. गेलेल्या माणसाला विशेषण कशाला लागतं? मग त्याच्या खालच्या पिवळ्या रंगाला मी कसं राहू देऊ?

२० फेब्रुवारी

ब्राह्मणपुरीचे नवल पाटील गेले. शेती. वय एकाहत्तर. मुलगी काजलचा सुरतहून फोन. माझीच विद्यार्थिनी, एम.ए.ला होती. ती निघाली होती. मागे गाडीचा आवाज. म्हणाली, सर, बापूंचं तुम्ही लिहा, कोणी दुसऱ्याने नको.

लिहिलं. पाच ओळी. नाव, वय, गाव. अंत्ययात्रा दुपारी चार, राहत्या घरून. मागे पत्नी नर्मदाबाई, मुलगी, जावई. संपर्क.

चांगलं झालं आहे. एक शब्द काढता येणार नाही.

२३ फेब्रुवारी

काही नाही. दोन वार्ता. पान शांत.

३ मार्च

काजल आली. काल दिवसकार्य, गंधमुक्ती झाली. अंगणातच उभी राहून म्हणाली,

"सर, तुम्ही सांगितलेल्या माणसाचा फोन लागत नाही."

मी म्हटलं, कोणता माणूस?

तिने फोन काढला. तिने त्या दिवशी पानाचा फोटो काढून ठेवला होता, वडिलांची वार्ता म्हणून. माझ्या पाच ओळी. संपर्क. आणि लगेच खाली –

'अस्थी काशीला पोचवतो. घरून नेऊ. विधी होईल. व्हिडिओ पाठवू.' नंबर.

तेच अक्षर. तोच काळा. तेच अंतर. वाक्यंसुद्धा माझ्यासारखी! विशेषण नाही.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. चुलतभाऊ तिसऱ्या दिवशी अस्थी घेऊन तापीकाठच्या प्रकाशा गावाला निघाला होता, सगळे तापीतच सोडतात. काजलने थांबवलं. सरांनी काशीची सोय लिहिली आहे म्हणाली. बापूंना मुलगा नाही, नेणार कोण? तिने फोन केला. दुसऱ्या दिवशी मोटारसायकलवर एक जण आला. चप्पल काढून आत आला, पाया पडला, कलश घेतला, पावती दिली. पावतीवर गणपती आहे, पत्ता नाही.

तेव्हापासून फोन बंद. पैसे गेले ते गेले. पण बापू?

मी म्हटलं, काजल, ती जाहिरात होती.

तिने फोटो मोठा केला. कुठे लिहिलंय? मी फोन तिरका केला, उजेडाकडे. तेव्हा दिसला तो शब्द. फिका. तिने विचारलं, "हे असं कोणी केलं?"

मी सांगितलं नाही.

४ मार्च

सांगितलं. फोनवर. ती म्हणाली, सर, तुम्ही आम्हाला वर्गात सांगायचात – लेखकाने वाचकाला फसवू नये.

५ मार्च

पोलिसांत अर्ज दिला, मी सोबत गेलो. हवालदाराने फोटो पाहिला. ही छपाई कोणाची? माझी. आणि खालची? माझी नाही. मग अक्षर सारखं कसं? त्याने अर्ज ठेवून घेतला. प्रश्न त्याचा बरोबर होता.

७ मार्च

कंपनीकडे तक्रार. माणूस नाही, फॉर्म आहे. त्यात पहिला रकाना: 'जाहिरातीचा दुवा टाका.' माझ्याकडे दुवा नाही, फोटो आहे. फोटो चालत नाही.

दुवा मिळायला ती जाहिरात मला दिसली पाहिजे. मला दिसते पंख्याची. कारण मी मागच्या महिन्यात पंखा बघितला होता! नवल पाटलांचं पान सत्तर वेळा उघडलं. पंखा. पंखा. गुडघ्याचा पट्टा. पंखा.

माझ्याच पानावर काय आहे, ते मला कोणी दाखवत नाही.

८ मार्च

भाग्येश म्हणतो, सगळ्या जाहिराती बंद करून टाका, काका, एक बटण आहे. काजल म्हणते, बंद करू नका, तो पुन्हा दिसला तर धरता येईल. दोघंही बरोबर. बटणावरून बोट उचललं.

निदान चौकट तरी परत आणतो. लाल. बोटाएवढी जाड.

१० मार्च

चौकट मिळत नाही!

पासवर्ड टाकला. तो रकानाच नाही. रंग नाही, रेघ नाही, पाटी नाही. तिथे एक सूचना: 'यापुढे जाहिरातींची रचना आपोआप ठरेल. आपल्या पानाच्या शैलीशी ती मिसळून जाईल. आपल्याला काहीही करावं लागणार नाही.'

काहीही करावं लागणार नाही.

भाग्येशला विचारलं, जुनं काही तरी असेल ना? म्हणाला, काका, सगळीकडेच असं झालं. तुम्ही हाताने केलंत ते आता ते स्वतःच करतात. फक्त तुमचा तो फिका शब्द तसाच राहिला, कारण तो तुम्ही वेगळ्या ठिकाणी लिहिला होता.

तो तेवढा गडद केला. बारीकच आहे, आकार माझ्या हातात नाही. सगळं जेव्हा हातात होतं तेव्हा मी काय केलं, हे आठवून दुपारी जेवण गेलं नाही.

१४ मार्च

धुळवड. ब्राह्मणपुरीला गेलो, बसने. त्यांच्या घरी रंग नाही. ओट्यावर नवल पाटलांची खाट भिंतीला उभी करून ठेवलेली.

काजल दहा दिवस वाराणसीला, कुठे कुठे फोन करते आहे. आवाज बसलाय. आत जावई हेमकांतचा सुरतहून फोन चालू होता, ओट्यावर ऐकू येत होता. किती दिवस? शाळा आहे मुलांची. आईला घेऊन ये, घराला कुलूप लाव, शेत बटाईने दे. काजल म्हणाली, अस्थींचा पत्ता लागल्याशिवाय आई उंबरा सोडणार नाही. मी कशी ओढून आणू?

नर्मदाबाई चुलीपुढे भाकर थापत होत्या. मला वाटलं, आता मला बोलतील. बोलावं असं वाटत होतं. त्यांनी भाकर वाढली, वर मिरचीचा ठेचा. मी म्हटलं, बापूंची काशीची इच्छा माझ्यामुळे –

"काशी?" त्या म्हणाल्या. "प्रकाशाले ग्यात तरी जेवाले घर येत त्या." बापूंचं म्हणत होत्या.

मग विचारलं, कंपनीचं काय झालं. मी फॉर्म, दुवा, पंखा सगळं सांगितलं. त्यांनी नीट ऐकलं, मला वाटलं त्यापेक्षा नीट. किती दिवस लागतील? मी म्हटलं, सांगता येत नाही, महिना, दीड महिना. त्यांनी बोटांवर काही मोजलं. आखाजी, अक्षय्य तृतीया, कधी आहे, विचारलं. एप्रिलच्या शेवटी, मी म्हटलं. गेलेल्या माणसाची पहिली घागर आखाजीला भरायची, त्याच्या घरात. तोवर अस्थी नाहीत, काही नाही.

मग एक भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन त्या गोठ्यामागे गेल्या. कावळ्याला असेल. बऱ्याच वेळाने आल्या.

१८ मार्च

कंपनी चौकट देत नाही तर मी स्वतः काढतो. भाग्येशकडून करून घेतलं. प्रत्येक वार्तेखाली लाल चौकट, माझ्या शब्दांत: 'यानंतरचा मजकूर माझा नाही. जाहिरात आहे. तपासल्याशिवाय कोणालाही काही देऊ नका. नवल पाटील यांच्या कुटुंबाची फसवणूक झाली, दोष माझा.' खाली माझं नाव.

आयुष्यात पहिल्यांदा लाल रंग वापरला.

२० मार्च

पारस भेटला, भाजीबाजारात. विचारलं, चौकट वाचली? म्हणाला, कोणती? मी सांगितलं, वार्तेखालची, लाल. तो हसला.

"सर, लाल चौकट कोण वाचतं? आम्ही तर जाहिरात समजून खाली सरकवतो."

म्हणजे माझं एकमेव खरं वाक्य लोक जाहिरात म्हणून वगळतात. आणि जाहिरात माझी म्हणून वाचतात. पिशवीत वांगी टाकायची विसरून घरी आलो.

२४ मार्च

कंपनीचं उत्तर! एकोणीस दिवस पोलिसांकडून काही नाही, पण हे आलं.

'आपण दीर्घकाळ जाहिरात हा शब्द वाचकांना दिसणार नाही असा ठेवल्याचे आढळले. हा नियमभंग आहे. आपले खाते कायमचे बंद करण्यात येत आहे. खात्याशी संबंधित सर्व तक्रारी निकाली काढण्यात आल्या आहेत.'

पत्र बरोबर आहे. एक शब्द काढता येणार नाही.

पान उघडलं. माझ्या पाच ओळी आणि लाल चौकटीखाली पांढरं. मला हवं होतं तसं. त्या माणसाला धरायची एकच वाट होती, तीही गेली. उद्या जाऊन सांगावं लागेल – अस्थी मिळणार नाहीत. मग घराला कुलूप, आणि नर्मदाबाई सुरतला. हे सगळं एका फिक्या शब्दाने.

२५ मार्च

काजल दळण आणायला गेली होती. मी नर्मदाबाईंना पत्र वाचून दाखवलं. तक्रार संपली, म्हटलं. त्या उठल्या, मला गोठ्यामागे घेऊन गेल्या. निंबाच्या दाट फांदीला मडकं. तोंडाला फडकं.

"त्या आठेच शेतस," त्या म्हणाल्या. "त्या मानूसले मी चूल्हानी राख दिधी. अस्थी ग्यात म्हंजे घरले कुलूप लागी. पयली घागर यास्नाच घरमा भरू द्या, सर. तोलोंग कोनले सांगू नका."

काजल डोक्यावर डबा घेऊन आली. माझ्या हातातला कागद पाहिला. काय झालं, विचारलं.

कागदाची घडी केली.

"तक्रार चालू आहे," मी म्हटलं. "आखाजीपर्यंत लागेल."