आईचा टीकापाठ

परळ, मुंबई
फेब्रुवारी १९५९

प्रिय बकुळ,

तुझं पत्र बुधवारी मिळालं. शिक्षकीचा कोर्स अर्धवट टाकून मिळेल त्या बोटीने परत येते म्हणतेस. का, तर नव्या नियमामुळे आईची नोकरी जाईल. ही बातमी विलायतेपर्यंत कुणी पोचवली ते मला ठाऊक आहे. शेजारच्या राधाबाईंच्या पोटात काही राहत नाही. येऊ का, याचं उत्तर देते, पण आधी इकडचं ऐक.

नियम खरा आहे. अनट्रेंड शिक्षकांनी ट्रेनिंग पुरं करायचं, नाहीतर घरी बसायचं. मग मीही नाव घातलं, तू गेल्यानंतर महिन्याभरातच. तुला कळवलं नाही, कारण नापास झाले असते तर तू जन्मभर चिडवलं असतंस. सकाळी शाळा, दुपारी ट्रेनिंग. पहिल्या दिवशी वर्गातल्या पोरी मला परीक्षक समजून उठून उभ्या राहिल्या. तुझे बाबा मिलमधून येताना जिन्यात भेटेल त्याला मालवणीत सांगतात, "बायकोक शाळेत घातलंय!" भात मात्र आता तेच टाकतात, आणि बरा होतो.

त्या बाकावर बसले की तू आठवतेस. शाळेतून माझ्याबरोबर घरी आलीस की गॅलरीत वाट्या-भांडी ओळीने मांडून शिकवायला लागायचीस. मोठ्या पातेल्यावर तुझा राग. ते कायम कोपऱ्यात उभं. आवाज माझा, खेकसणंही माझंच. शेजारणी हसायच्या, मीही हसायचे, पण आत गेल्यावर ते खेकसणं मला टोचायचं. मुलांना शिकवायची दुसरी काही रीत असते, हे मला तेव्हा सांगणारं कुणी नव्हतं.

आमच्याकडे टीकापाठ असतो. एकीने खऱ्या वर्गावर शिकवायचं, बाकीच्यांनी मागे बसून चुका टिपायच्या आणि नंतर तिच्या तोंडावर सांगायच्या. माझ्या वाट्याला तिसरीचा भूगोल आला. नकाशा टांगला आणि विचारलं, आपली मुंबई कोणत्या राज्यात आहे? लालबागच्या पोरांना आजच्या दिवसांत हा प्रश्न! माझी अक्कल बघ. सगळा वर्ग बाकांवर चढला. "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे!" शेजारच्या वर्गाने ते उचललं, मग वरच्या मजल्याने. आमचे ट्रेनिंगचे शामराव सर रुमालात तोंड लपवून बसले होते.

नंतर पोरींनी मला सोलून काढलं. वर्गावर ताबा नाही, प्रश्न चुकीचा, नकाशा उंच, आवाज चढा. वीस वर्षं शिकवतेय गं मी! कान तापले. मग तू लिहिलेलं आठवलं, तिथे सिलोनचे, घानाचे, मलायाचे शिक्षक एकमेकांचे पाठ बघतात आणि आपल्या वर्गासाठी काय उचललं ते आधी सांगतात. मी उभी राहिले आणि म्हटलं, आता प्रत्येकीने एक गोष्ट सांगा, उद्या तुमच्या वर्गात न्यावी अशी. शेवटी चंपा, जिचं तोंड कधी उघडत नाही ती, म्हणाली, "बाई, एवढ्या गोंधळात तुम्ही एकाही मुलावर हात उगारला नाहीत." मला रडू आलं. आता शामराव सर प्रत्येक टीकापाठाची सुरुवात तशीच करतात. तू तिकडे शिकतेस ते इकडे परळात पोचतंय.

आता तुझा प्रश्न. तुला कधी सांगितलं नाही, पण हे ट्रेनिंग मी आधी एकदा सुरू केलं होतं. तुझ्या वेळी दिवस गेले, पोट दिसायला लागलं, तसं माझं बाकावर बसणं सगळ्यांना खटकू लागलं. एके दिवशी मधल्या सुट्टीत उठले ती परत गेले नाही. वाईट वाटलं नाही म्हणू का? खूप वाटलं. पण त्याचा दोष मी तुला एक दिवससुद्धा दिला नाही, आणि तूही स्वतःला द्यायचा नाहीस. तेव्हा मला 'बस' म्हणणारं कुणी नव्हतं. तुला मी आहे. माझ्यासाठी तू उठलीस, तर ते मला सोसवणार नाही. म्हणून हे पत्र. बकुळ, उठू नकोस.

तुझीच,
आई