बुरशीला लागलं तेव्हा

ती. मावशी,

साष्टांग नमस्कार (मान आखडलीय, म्हणून मनातल्या मनात). काकांचा खोकला थांबला असेल असं धरून चालते, कारण आता तुला माझंच गाऱ्हाणं ऐकायचं आहे.

तुझ्या थोरल्या बहिणीने, म्हणजे आमच्या मातोश्रींनी, माझी पदवी धोक्यात आणली आहे. मी प्रयोगशाळेत बुरशी वाढवते, हे तू जाणतेसच (आईच्या भाषेत, "लोक घालवतात, ही पोसते"). बुरशीला पात्याने कापलं की जखमी धाग्यांतल्या चरबीपासून काही द्रव्यं तयार होतात, ती आसपास धोक्याचा निरोप देतात, आणि जखमेच्या कडेने बुरशी हिरवेगार बीजाणू धरते. जिवावर बेतलं की आधी वंशाची सोय! न कापलेली बुरशी मात्र पांढरीच राहायला हवी. तिच्याशी ताडून पाहिलं तरच माझं म्हणणं टिकणार.

तर आई प्रयोगशाळेत डबा घेऊन आली. मी हात धुवायला गेले, तेवढ्यात बाईसाहेबांनी न कापलेल्या बुरशीच्या बशीचं झाकण काढलं, डब्यातल्या प्लास्टिकच्या चमच्याने ती खरवडली, झाकण लावलं आणि अवाक्षर काढलं नाही. दोन दिवसांनी माझे मार्गदर्शक सर बघतात तर आत हिरवी रेघ! "बशांची अदलाबदल केलीस. हे काम मी पुढे पाठवणार नाही," म्हणाले. रडत घरी आले, तर आई शांतपणे म्हणते, "अगं, ती बशी मीच घासायला घेतली होती. निघेचना मेलं. तेवढ्यात तू आलीस."

मी बोलू नये ते बोलले. तेव्हापासून अबोला. ताट वाढते आणि भिंतीला सांगते, "जेवून घ्या म्हणावं."

तू तरी रागावू नकोस. त्या कामाला घरात एक जण पुरे.

तुझी,
पार वैतागलेली भाची

ता. क. खरं काम हे की हिला महिनाभर तुझ्याकडे बोलावून घे. गुडघे दुखतात म्हण.

ता. क. (दुसरा) बोलावू नकोस! सरांना खरं काय ते सांगितलं, तर ते खुर्चीतून उठलेच. बुरशी जखमेने नव्हे, आम्ही जंतू मारायला तापवून घेतो त्या पात्याच्या चटक्याने बिथरते, असा परीक्षकांचा आमच्यावर आक्षेप होता. चमचा तर गार होता, तरी रेघ उमटली! आता आईनेच पुन्हा तस्संच खरवडावं, असा त्यांचा हट्ट. आई तयार आहे, पण आधी प्रयोगशाळेतल्या कपाटांवरची धूळ सरांनी स्वतः पुसायची, या अटीवर. सर या क्षणी स्टुलावर चढलेत, आणि आई खालून कोपरे दाखवतेय.