कंबर रिकामी असेल तेव्हाच

मी, ओपल जीन हॅस्किन्स, वय चौऱ्याहत्तर, राहणार कॉटनवुड फोर्क, ओक्लाहोमा, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायदा गुडघ्यांचं विचारत नाही. याआधीची सर्व मृत्युपत्रं रद्द समजावीत.

१. घर, गाडी आणि बँकेतली शिल्लक माझी नात केंड्रा हिला. मुलगा डॅरिल याला त्याच्या वडिलांची सुतारकामाची अवजारं. करवत त्यानं न विचारता आधीच नेली आहे, ती मिळाली असं समजावं.

२. माझं रिव्हॉल्व्हर. नवरा गेल्यावर पेट्रोल पंप मी एकटीनं चालवला. एका संध्याकाळी एक गाडी बँकेपासून थेट घरापर्यंत माझ्या मागे आली, तेव्हा शस्त्र घ्यायचं ठरवलं. दुकानदारानं खास बायकांसाठी म्हणून एक गुलाबी, हलकं पिस्तूल काढलं आणि पर्समध्ये ठेवा म्हणाला. मी ते आधी झाडून पाहिलं. तळहात झिणझिणला आणि दुसरी गोळी भलतीकडेच गेली. शिवाय माझ्या पर्समध्ये पुदिन्याच्या गोळ्या असतात, हे चर्चमधल्या प्रत्येक पोराला ठाऊक आहे. म्हणून जड रिव्हॉल्व्हर, चाप पूर्ण झाकणारं कातडी म्यान, जाड पट्टा आणि वरून सैल शर्ट. घरी आलं की तिजोरीत. ते कधी कुणावर रोखावं लागलं नाही, याचा मला अभिमान आहे.

३. शेजारी व्हर्जिल टीग आणि मी कुंपणालगतच्या जमिनीच्या पट्टीवरून आयुष्यभर भांडलो. पण कमरेला शस्त्र असताना मी कुणाशीही भांडले नाही. त्यानं डिवचलं की मी गप घरी जायचे, रिव्हॉल्व्हर तिजोरीत ठेवायचे आणि परत येऊन त्याचा उद्धार करायचे. मला येताना पाहून तो ओसरीवरूनच म्हणायचा, "ओपल, आज कंबर रिकामी दिसतेय. म्हणजे माझी काही खैर नाही."

४. केंड्रा औषधांचं दुकान संध्याकाळी एकटी बंद करते आणि तिनं सोडून दिलेला मित्र समोर गाडी लावून बसतो. तिला रिव्हॉल्व्हर हवंय. तिनं ते चालवायचं प्रशिक्षण घेतलंय, परवाना काढलाय. हात माझ्याएवढाच रुंद, नेम माझ्याहून बरा. पण रागही माझाच, नाकाच्या शेंड्यावर. थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या जेवणात तिनं डॅरिलवर ताट भिरकावलं, तेव्हा मला भीती वाटली.

म्हणून रिव्हॉल्व्हर तिला, पण गोळ्या व्हर्जिलकडे. तिनं ते रिकामंच कमरेला बांधावं. व्हर्जिलनं मग तिला मनसोक्त डिवचावं. ती घरी जाऊन ते तिजोरीत ठेवून मगच भांडायला आली, तर गोळ्या द्याव्यात. तोवर दुकान बंद होताना त्यानं रोज तिथे हजर राहावं. तो हो म्हणाला आहे. केंड्रा हे सगळं वाचेल, वाचू दे. राग आल्यावर तिला हे वाचलेलं आठवलं, तर मला तेवढंच हवंय.

५. कुंपणालगतची पट्टी केंड्राला. मरताना तरी मी ती सोडेन असं व्हर्जिलला वाटलं असेल. पण मग तुम्ही दोघं भांडणार कशावरून?

व्हर्जिल, ती येईल. पाय आपटत येईल, पण कंबर रिकामी असेल. कॉफी जास्त टाक, भांडण लांबेल.

आमच्यासमोर सही केली. आम्हां दोघांना यातलं काहीही मिळत नाही:
रेव्हरंड ॲमॉस प्रुएट
डॉ. लोरेटा बीसली, गुरांच्या डॉक्टर

सही: ओपल जीन हॅस्किन्स
कॉटनवुड फोर्क, ९ ऑक्टोबर २०१८