तुमच्या नावाने लागलेलं माझं चित्र

बाई, तुमच्या चित्रांचं प्रदर्शन लागणार हे मला छापखान्यात समजलं. त्याची निमंत्रणपत्रिका छापायला आमच्याकडेच आली होती. नागपुरात बर्डीवरच्या या छापखान्यात मी आयुष्यभर लग्नपत्रिका जुळवल्या, दुसऱ्यांची नावं ठळक केली, आजोबांच्या नावापुढे ‘कै.’ राहिलं तर शिव्या खाल्ल्या. त्यात एक दिवस तुमचं नाव आलं. कोणी सांगितलं नसताना मी ते जरा मोठं केलं. शाळेत मला चित्रकला शिकवणाऱ्या बाई होत्या तुम्ही, तेवढं करायलाच हवं होतं. मग दर्शनी पानावर टाकायचं चित्र संगणकावर उघडलं आणि माऊसवरचा हात तसाच राहिला. ते चित्र माझं होतं.

तुम्हाला आठवत असेल ते. मे महिन्यातली दुपार, जेवणं आटोपलेलं स्वयंपाकघर, फरशीवर पाणी मारलेलं, आणि त्या ओल्या फरशीवर ओट्याजवळ झोपलेली बाई. तोंडावर ओला पंचा, त्यामुळे चेहरा दिसतच नाही. दिसतात त्या टाचा. ती माझी आई आहे. माझ्या बाळंतपणाला काटोलहून आली होती. बाहेरच्या खोलीत कूलर होता, पलंग होता, पण जावयाच्या घरी दिवसाढवळ्या पलंगावर आडवं व्हायची तिला लाज वाटायची. सगळ्यांचं खाणंपिणं झालं की ती फरशीवर तांब्याभर पाणी ओतायची आणि तिथेच झोपायची. मी बाळाला मांडीवर घेऊन उंबऱ्यात बसायचे आणि तिच्या टाचा बघायचे. पुढे तेच तुमच्याकडे बसून रंगवलं.

तुमच्याकडे म्हणजे तुमच्या धरमपेठेतल्या स्वयंपाकघरात. तुमचं एकटीचं घर, त्यामुळे आम्हा चित्रं काढणाऱ्या बायकांना ते फावलं. आमच्या गटाला तेव्हा नावही नव्हतं. आता गटातल्या नव्या मुली त्याला स्त्रीवादी कलासमूह म्हणतात, तसा फलक लावतात. तुमच्या तोंडून मी तो शब्द कधी ऐकला नाही. आम्ही घरी सांगायचो, शिवणक्लासला जाते. एकीने झाडायचं, एकीने चहा टाकायचा, एकीने सगळ्यांची पोरं मागच्या अंगणात सांभाळायची आणि उरलेल्यांनी रंगवायचं, अशा पाळ्या. आणि तुम्ही? तुम्ही शिवणमशीनवर बसायच्या. क्लासला जाणारी बाई काही शिवून घरी आणत नाही म्हटल्यावर घरचे विचारणारच, म्हणून आम्ही रंगवत असू तोवर तुम्ही आमचे परकर शिवून द्यायच्या. निघताना प्रत्येकीच्या पिशवीत एकेक. माझी सासू कौतुकाने म्हणायची, शिलाई किती सरळ आहे सुनेची. आज हे सांगितलं की मुलींना गंमत वाटते. मला मात्र त्यातली एक गोष्ट आता टोचते. त्या सगळ्या दुपारी तुम्ही एकही चित्र काढत नव्हता.

हे चित्र पूर्ण झालं तेव्हा मी खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात सही केली होती. तुम्ही मशीन थांबवून उठून आलात, वाकून पाहिलंत आणि टर्पेंटाइनचा बोळा माझ्या हातात दिलात.

“पूस ते नाव.”

“काहून बाई? माहं चित्र होय ना.”

“घरी समजलं तर उद्यापासून येऊ देतील का तुले? अन् सही म्हणजे मालकी होय वं. मालकीनं बायकांचं काय भलं केलं आजवर? इथं जे होते ते सगळ्यांचं होते.”

मी पुसलं. रंग ओला होता, लगेच निघालं. तुमचं बोलणं मला तेव्हा फार मोठं वाटलं होतं. सगळ्यांचं, असं म्हटलं की आपल्या वाट्याला किती येतं हे विचारायची लाज वाटते. तशीच मला वाटली.

त्यानंतर तुम्ही धीर करून तुमच्या शाळेच्या हॉलमध्ये गटाची चित्रं लावली, नावाविना. मुंबईहून एक नावाजलेले चित्रकार आले होते. ते माझ्या चित्रापुढे थांबले, मागे सरकले, पुन्हा पुढे आले. मी शेजारी चहाचा ट्रे घेऊन उभी. ते तुम्हाला म्हणाले, “बाई, हे तुमचंच. दुसऱ्या कोणाचं असूच शकत नाही.” तुम्ही म्हणालात, “गटाचं आहे.” ते हसले, म्हणाले, “तुमचा विनय मला ठाऊक आहे.” यावर तुम्ही नुसत्या हसलात, आणि बाई, तुमचा चेहरा उजळला. मी तुमच्याकडेच बघत होते. मी समोर होते, माझ्याकडे बोट दाखवायला तुम्हाला शब्दही लागला नसता. नियम मोडला नाहीत तुम्ही. नियम पाळूनच माझं चित्र घेतलंत. त्या संध्याकाळी निघताना नेहमीसारखा परकर पिशवीत टाकलात, “आज लाल हाये, घे,” आणि मी तो घेतला, ‘येते बाई’ म्हटलं आणि नंतर कधी आले नाही. तुम्हीही निरोप धाडला नाहीत. मग तुम्ही गेलात हे पेपरात वाचलं.

आता प्रदर्शनाचं ऐका. तुमच्या भाच्याने घर विकताना माळ्यावरचा चित्रांचा गठ्ठा गटाच्या आत्ताच्या मुलींना देऊन टाकला. चांगल्या मुली आहेत. नोकऱ्या सांभाळून, सुटीच्या दिवशी, पदरचं घालून चित्रं पुसली, फ्रेमी केल्या. बाईंच्या घरात सापडली म्हणजे बाईंची, इतका सरळ हिशोब त्यांनी केला. सह्या नाहीत, कारण बाई साध्या होत्या. प्रदर्शन लागल्यावर एका संध्याकाळी छापखाना सुटला की मी तिथे गेले. मिहानमधल्या एका कंपनीत नोकरी करणारी, गटातली एक मुलगी सगळं बघत होती. मला कोणी पाहुणी समजून तिने हौसेने दाखवलं. “काकू, हे बाईंचं सगळ्यात ताकदीचं चित्र हाये. यात त्यांनी स्वतःची आई दाखवली.” चित्राखालच्या पाटीवर तुमचं नाव आणि त्याखाली ‘आई’. रविवारी प्रदर्शन संपलं की ही चित्रं एका संग्रहालयात जाणार होती, कायमची. माझं चित्र तुम्ही नेलंत ते मी गिळलं होतं. आता आईसुद्धा तुमची झाली.

“ही माही आई होय,” मी म्हटलं. “हे मी काढलं.”

ती गोंधळली. मग सांभाळून, दुखवायचं नाही अशा आवाजात बोलली. “काकू, तुमच्याजवळ काही हाये का? एखादा फोटो? नाही म्हणजे, कोणी विचारलं तर आम्ही काय सांगायचं?”

काय असणार? माझ्याजवळ काही उरू नये याची व्यवस्था तुम्हीच तर केली होती. ती थोडा विचार करून म्हणाली, “तसंही बाईंचा विचार सामूहिकच होता ना. आपण खाली ‘गटातील एक कलावंत’ असं टाकू.”

“पत्रिकेवर तुह्यं नाव हाये ना, संकल्पना म्हणून?”

“हो.”

“मीच छापलं. मंग तिथंही टाकू का, गटातील एक मुलगी?”

बिचारीचा चेहरा उतरला. राग तिच्यावर नव्हता, पण तुम्ही समोर नव्हता.

मग मी आपल्या गटातल्या, इंदोरा वस्तीत राहणाऱ्या त्या नर्सला फोन लावला. ड्युटी संपवून पांढऱ्या साडीतच यायची, ती. एवढ्या वर्षांनी आवाज ओळखला तिने. म्हणाली, “मले पक्कं आठवते, तुह्यंच होय ते. देतो मी सांगून पोरीले.” आणि मग सहज म्हणाली, “माह्यंही लागलं हाये तिथं. विहिरीचं. पाहून आली मी परवा.”

“अन् बोलली नाही? काहून वं?”

“नातवानं त्याच्यापुढं फोटो काढला ना माहा. म्हणे, आजी, हे काढणारी बाई लय मोठी होती. आता त्याले काय सांगत बसू? तुह्यं सांगतो. माह्यं राहू दे.”

तिने सांगितलं. मुलीने ऐकून घेतलं, माझी माफी मागितली, डोळ्यात पाणीही आणलं. दुसऱ्या दिवशी पाटी बदलली. विहिरीच्या चित्राखाली तुमचंच नाव राहिलं. तुम्ही तिथे मोठ्या झालात, बाई, आमच्या जिवावर, आणि आमच्यातल्या एकीने तर ते आपणहून होऊ दिलं. स्वतःचं काही न काढता तुम्ही आमचे परकर शिवत बसलात, म्हणून एका कौतुकाला तुम्ही भुलला असाल, हे मला कळतं. कळलं म्हणून राग जात नाही. उलट धड रागावताही येत नाही याचाच राग येतो.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून खरं ते लिहिते. रविवारी मी नवरा-मुलांना न सांगता एकटीच गेले. पाटीवर माझं नाव होतं, मला आवडेल तेवढ्याच ठळक अक्षरात. मी चित्रापुढे उभी राहिले, आणि ते मला लहान वाटलं. पंच्याची घडी चुकलेली दिसली, ओट्याची रेघ कच्ची दिसली. आधी तुमचं नाव होतं तेव्हा यातलं काही दिसलं नव्हतं. तेव्हा मी मनात म्हटलं होतं, काय चित्र आहे. आता ते लग्नपत्रिका जुळवणाऱ्या एका बाईने फावल्या वेळात काढलेलं चित्र होतं. लोक मात्र तसेच थांबत होते, तितकाच वेळ. फरक फक्त मला पडला होता. माझ्या नजरेला हे वळण कोणी लावलं, तुम्ही की मी स्वतः, ते तुम्ही असता तर विचारलं असतं.

चित्रं उतरवायच्या आधी ती मुलगी बारीक ब्रश आणि काळा रंग घेऊन आली. म्हणाली, “काकू, संग्रहालयात जायच्या आधी सही करून द्या. मंग कोणाले विचारायचं कामच नाही.” ब्रश तिने माझ्या हातात दिला. सगळ्या मुली काम सोडून जवळ येऊन उभ्या राहिल्या. मी वाकून खालच्या कोपऱ्यात, पुसलेल्या सहीच्या जागी पाहिलं आणि म्हटलं, राहू दे आज, चष्मा घरी राहिला.

चष्मा पर्समध्ये होता.